बंगल्याचं तोंड

बोईसर, ता. १८ जानेवारी १९६७

सौ. आनंदीताईस,

हिराचा नमस्कार. अक्षर ओळखलंस तर पत्र चुलीत घालू नकोस, आधी वाच. दुसरीत शाळा सुटली तेव्हापासून माझा हात वळत नाही. आता खानावळीच्या फळीवर रोजची आमटी-भाजी लिहून लिहून थोडा वळायला लागलाय.

तुझ्याशी बोलायचं नाही हे माझं ठरलेलं आहे आणि ते तसंच आहे. तुझ्या मंगलाच्या लग्नाची पत्रिका तू पोस्टाने धाडलीस. अक्षत घेऊन तुमच्या घरचं मांजरसुद्धा आमच्याकडे आलं नाही. सख्ख्या बहिणीला कोणी पोस्टाने बोलावतं का? मी आले नाही, आणि आज पुन्हा तशीच पत्रिका आली तरी येणार नाही. पण हे पत्र बोलण्यासाठी नाही, विचारण्यासाठी आहे. विचारणं वेगळं.

फरामजीशेटच्या बंगल्याची विहीर कुठे होती?

का विचारते ते सांगते. तुला ठाऊक असेल नसेल, आम्ही वाणगाव सोडलं. तारापूरला विजेचा कारखाना बांधतायत, त्यावर कुठकुठची माणसं कामाला आलीयेत, त्यांना जेवायला लागतं. म्हणून बोईसरला खानावळ टाकली. जागा कुठे मिळाली सांगू? शेटच्या वाडीत. चिकूची झाडं तोडून तिथे घरांचे तुकडे पाडलेत. सगळी नवी वस्ती. कोण जालन्याचं, कोण धुळ्याचं, कोण साताऱ्याचं. वस्तीला म्हणतात बंगलापाडा. आणि बंगल्याचा एक चिरा दिसत नाही!

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका जमल्या. शेजारची साखरबाई, ती जालन्याची, तोंडाने फटकळ, माझ्यासारखीच. वाण घेता घेता म्हणाली, "काय वो हिराबाई, तुम्ही इथल्याच ना? मंग बंगलापाड्याचा बंगला कुठं गेला? का वस्तीचं नाव आन् माझ्या सासूचं सोनं सारखंच, नुसतं ऐकायचं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण घरी आल्यावर चैन पडेना. लहानपणी रोज दिसणारं येवढं मोठं घर. मी लग्न होऊन वाणगावला गेले, स्वराज्य आलं, शेट मुंबईला गेले, पुढे बंगला उतरवला असं कानावर आलं. बस. कुठे होता, कसा होता, मला धड सांगता येईना.

यात नुसती हौस नाही. वस्तीला प्यायचं पाणी नाही. इथे जिथे खणावं तिथे मचूळ. रामकिसन म्हणून एक आहे, तो बैलगाडीवर पिंप घालून लांबून पाणी आणतो, आला तर आला. नाही आला त्या दिवशी माझी खानावळ बंद. पंचायतीने एक विहीर मंजूर केलीय. मेंबर कृष्णकांत म्हणतात, मतांची गडबड संपली की जागा ठरवू, गोड पाणी कुठे लागेल ते दाखवा, नाहीतर विहीर रुळांच्या पलीकडे जाईल. म्हणजे झालं. पलीकडून हंडे कोण आणणार?

शेटच्या विहिरीचं पाणी गोड होतं हे सगळे सांगतात. तू त्या घरात लग्नाआधी कामाला होतीस. तूच सांग. दोन ओळी लिही, पुरे.

मंगलाला मुलगा झाला म्हणे. मला काय करायचंय.

हिरा

*

बोईसर, ता. ६ फेब्रुवारी १९६७

आनंदीताईस,

तुझं उत्तर नाही. मला नवल वाटलं नाही. तू लहानपणी रुसायचीस तेव्हा आईनेसुद्धा हात टेकले होते.

तू सांगत नाहीस तर दुसरे सांगतील म्हणून मी निघाले. ताडीवाला भिका आठवतो? आता म्हातारा झालाय, पण जीभ तशीच. त्याला म्हटलं, "भिकाकाका, शेटची विहीर कुठे होती?"

"डोळं बांदून नेतो चल."

"डोळे उघडे ठेवून न्या, पडाल."

त्या दोन चिंचा अजून उभ्या आहेत. तेवढ्याच राहिल्यात. भिका त्यांच्या मधोमध उभा राहिला आणि म्हणाला, "हितून आत शिरायचा. समोर पायऱ्या. डाव्या हाताला हीर. मी रोज मडकी घेऊन यायचो. मला नाय ठावं तर कोनाला ठावं?"

माझा कोणाच्याही एका बोलण्यावर विश्वास नाही. म्हणून नवसीआजीकडे गेले. ती पाड्यावरून शेटच्या घोड्यांना गवताचे भारे आणायची. ती काठी टेकत आली, त्याच दोन चिंचांमध्ये उभी राहिली, डावा हात वर केला. "तडं. तडंच हाय."

मलाही तसंच आठवतं. आई मला तुझा डबा देऊन पाठवायची तेव्हा मी चिंचांमधूनच यायचे आणि पायरीवर बसून तुझी वाट बघायचे. डाव्या हाताला रहाट होता, त्याचा आवाज आठवतो. तीन माणसांचं एक म्हणणं. आणखी काय पाहिजे?

इतक्यात एक गंमत कळली. बंगला गेला कुठे हे सगळ्यांना विचारत होते ना, तर बंगला गेलेला नाहीच. वाटला गेलाय. जत्रेतल्या प्रसादासारखा, ज्याच्या हाताला आला तसा. पायऱ्यांचे दगड भिकाच्या गोठ्यात, त्यावर म्हैस चढते. घिवलीला एका घरात शेटच्या दिवाणखान्याच्या फरशा आहेत, त्यावर ते मासळी पसरतात. रंगीत काच कोणाच्या देवघराला. मोठं दार कुंभवलीला आहे म्हणतात. मी विचारत गेले की लोक आधी गप्प बसतात, त्यांना चोरीचा तपास वाटतो की काय. मग चहा ठेवतात आणि स्वतःच दाखवतात. "हे बंगल्याचं हां!" असं म्हणताना मान अशी ताठ होते, जसा काही शेट त्यांचा मामा.

साखरबाईला मी हे सगळं येऊन सांगते. माझ्या पडवीत जमीन टणक आहे म्हणून ती तिथेच उखळ मांडून मिरच्या कांडते. काल म्हणाली, "हिराबाई, तुमची पडवी घुमती वो. ढोलकीवानी." मी म्हटलं, घुशी झाल्या असतील. जेवायला बसणारेही म्हणतात. घुशींना काय औषध घालतेस तू? की तेही सांगणार नाहीस?

येत्या रविवारी गडी लावून चिंचांपाशी खणतोय. पंचायतीच्या आधी आपणच पाणी दाखवायचं असं वस्तीने ठरवलंय. वस्तीतला खंडेराव कुदळी आणतोय. आता तुझ्या उत्तराची गरज नाही.

हिरा

*

बोईसर, ता. २५ फेब्रुवारी १९६७

आनंदीताईस,

तोंडघशी पडले. सांगून टाकते, नाहीतर तुझ्यापर्यंत केळव्याला दुसऱ्या कोणाच्या तोंडून जाईल.

खणलं. विहीर नाही, काठ नाही, काही नाही. निघाली ती राख. राखेवर राख, आणि त्यात मासळीचे काटे, कालवांच्या शिंपल्या, निळ्या फुलांच्या बशांचे तुकडे. दीड पुरुष खाली पाणी लागलं. सगळी वस्ती वाकून बघत होती. एक गवंडी आहे, उत्तरेकडचा, माझ्याकडेच जेवतो. त्याने ओंजळीत घेतलं, चाखलं आणि मला म्हणाला, "भाभी, इसकी दाल बनाओ तो नमक मत डालना."

हसले सगळे. मेंबरही हसले. "हिराबाई, जुन्या लोकांना जुनं सगळंच गोड लागतं," म्हणाले. रुळांपलीकडची जागा बघायला माणूस येणार आहे, शिमगा झाला की. साखरबाई तेवढी हसली नाही. ती पोटुशी आहे, चौथ्या खेपेची. हंडा तिच्याच डोक्यावर येणार.

मला रात्रंदिवस एकच. राख का? डाव्या हाताला विहीर आहे म्हणतात तिथे कोणी चुलीची राख टाकेल? पारशी माणूस विहिरीला देव मानतो हे तुझ्याच तोंडून ऐकलंय. तो तिथे काटेकुटे टाकू देईल?

म्हणून कुंभवलीला गेले, ते दार बघायला. चांगलं साग, दोन माणसांना हलायचं नाही. मालकीण म्हणाली, "बंगल्याचं पुढचं दार हाय, मोठं." मी ते उघडलं, मिटलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं. तिला वाटलं मी विकत मागतेय. आतली बाजू अजून गुळगुळीत, तेल पाजल्यासारखी. आणि बाहेरची बाजू झडीने खाल्लेली. लाकडाच्या शिरा वर आल्यात, म्हाताऱ्या माणसाच्या हातासारख्या.

तू सांग, आपल्याकडे झड कुठून येते? पश्चिमेकडून. समुद्राकडून. म्हणून तर आपण त्या अंगाला पावसाळ्याआधी झावळ्यांची झापं बांधतो. म्हणजे पुढचं दार पश्चिमेला होतं. आणि चिंचांमधून आत शिरायचो ते पूर्वेकडून.

मी त्या झडीने खाल्लेल्या बाजूवर पुन्हा एकदा हात फिरवला. मालकिणीने पाणी दिलं.

ताई, चिंचा मागच्या अंगाला होत्या गं! भिका ताडी घेऊन यायचा तो मागून. नवसी गवत घेऊन यायची ती मागून. मी तुझा डबा घेऊन यायचे ती मागून. आम्ही बसायचो ती स्वयंपाकघराची पायरी. तो रहाट भांडी घासायच्या आणि घोड्यांच्या पाण्याचा, तो आड केव्हाच बुजला असेल. आमच्यापैकी कोणी त्या घराचं तोंड कधी पाहिलंच नाही. पाठीलाच तोंड समजलो आणि इतकी वर्षं छातीठोक सांगत आलो.

भिकाला जाऊन सांगितलं. तो चिडला. "मंग मी काय आंधला होतो?" म्हणाला. मग गोठ्यातल्या त्या पायरीच्या दगडाकडे बघून म्हणाला, "खरा हाय पोरी. पुडं आमाला कोन जाऊन देतंय."

आता मला सांग. पुढे कोण जात होतं? आपल्या लोकांतलं एकच माणूस. तू. जेरबाई शेटाणी तुला संध्याकाळी पुढच्या अंगाला पाठवायची, विहिरीवर दिवा लावायला. मी एकदा तुझ्या मागे येत होते तर तूच मला हाकललंस, "तुला नाही यायचं," म्हणून. मी रडले होते. तुला आठवणार नाही.

मला दोन ओळी नकोत. एक ओळ दे. नको लिहूस, कोणाबरोबर निरोप धाड. माझ्यासाठी नको धाडूस. साखरबाईसाठी धाड. तिचं तुझं काही भांडण नाही.

हिरा

*

बोईसर, ता. १४ मार्च १९६७

ताईस,

केळव्याहून विड्याची पानं आणणारा प्रताप आज टोपली घेऊन आला. पानं मोजायच्या आधी म्हणाला, "मावशी, केळव्याच्या आनंदीकाकूंनी दिलंय." फडक्यात गुंडाळलेली काच. हिरवट, जाड, एका कडेला चिरलेली. बुडाला तेलाचा पिवळा डाग. मी बघताच ओळखलं, म्हणजे कधी पाहिली नव्हती तरी ओळखलं. विहिरीवरच्या दिव्याची.

मी म्हटलं, "चिठ्ठी?"

"चिठ्ठी नाय. तोंडी सांगितलाय. दोनदा म्हणून घेतला माझ्याकडून." आणि त्याने पोपटासारखं म्हणून दाखवलं: "शेटाणी पुढच्या झोपाळ्यावर बसून दिव्याचा उजेड बघायच्या. मध्ये काही आड यायचं नाही. झोपाळा पायऱ्यांच्या बरोबर समोर. आणि शेट जाताना सांगून गेले म्हणे, विहीर बुजवायची नाही, पोरं पडतील म्हणून झाकायची."

"आणखी काय म्हणाली?"

"काय नाय."

"माझं नाव घेतलं?"

"'तिला' म्हणाल्या. 'तिला सांग' म्हणाल्या."

ठीक आहे. तेवढं तरी.

तो म्हणत होता मंगलाच्या बाळाला ताप होता. उतरला का? नावही चांगलं ठेवलंय, दिलीप. प्रताप बडबड्या आहे, मी विचारलं नव्हतं.

मग मी, साखरबाई आणि खंडेराव, तिघं निघालो. खंडेरावाच्या भिंतीखाली जुना चौथरा आहे हे त्याला घर बांधतानाच कळलं होतं, पाया आयता मिळाला म्हणून तो खूश होता. त्या चौथऱ्याची पश्चिमेची कड आम्ही धरली. मध्यावर दोन खड्डे, पायऱ्या उपटून नेल्याचे. तिथे साखरबाईला उभं केलं. मी म्हटलं, तू शेटाणी. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आधी झोपाळा आणा." मग म्हटलं, आता नाकासमोर बघ आणि सांग काय दिसतं.

तिने पाहिलं. आणि तिचा चेहरा उतरला.

"हिराबाई, तुमची पडवी दिसती."

मी वळून पाहिलं. माझीच पडवी. माझी पाटी, माझी बाकडी, बाहेर वाळत घातलेले माझेच टॉवेल. आणि मध्ये तिचं उखळ.

खंडेराव सरळ गेला, मुसळ उचललं आणि जमिनीवर एक दणका दिला. घुमली.

आमच्या ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "हिरा, गप्प बस. कोणाला काय कळणार? विहीर पलीकडे जाऊ दे. पडवी गेली तर माणसं जेवतील कुठे?" चुकीचं नाही म्हणत ते. पडवीतच तर सगळं गिऱ्हाईक बसतं. आतल्या खोलीत चूल आणि आम्ही दोघं.

साखरबाई तर माझ्याआधीच सगळ्यांना सांगत सुटली, "पडवीत काय बी न्हाई, घुशी हायेत." माझ्यासाठी खोटं बोलली. पोटात मूल, डोक्यावर हंडा, आणि माझ्यासाठी खोटं.

मी काय करणार ते अजून ठरलेलं नाही. तू असतीस तर काय केलं असतंस विचारत नाही. तुला माहीत होतं का गं, ती माझ्या पडवीखाली आहे ते? नसेलच. तू इथे आलीसच कधी.

हिरा

*

बोईसर, ता. ७ मे १९६७

ताई,

पडवी मोडली.

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी ठरलं. मेंबर कृष्णकांत पलीकडची जागा दाखवायला माणूस घेऊन निघाले होते, त्यांना वाटेत अडवलं आणि म्हटलं, आधी इकडे बघा, मग जा. आमचे हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच कौलं उतरवायला वर चढले आणि वरून मला म्हणाले, "एकदा तुझ्या डोक्यात आलं की घर गेलंच समजायचं." मी खालून म्हटलं, "घर नाही, पडवी. खाली उतरा, पडाल."

मुरूम उकरला. त्याखाली दगडी लाद्या, एकीला एक चिकटून, अशा बसवलेल्या की सुरी जाणार नाही. मधली लादी गड्यांनी पहारीने उचलली आणि आतून गार वारा आला. सगळे मागे सरले. भिकाला खास आणलं होतं, तो पुढे झाला आणि वाकला. "हाय," म्हणाला. "पानी हाय." मग मला म्हणाला, "पोरी, मी ह्या अंगाला आज पयल्यांदा आलो."

बांधीव आहे. आत उतरायला कडेने पुढे आलेले दगड बसवलेत. गाळ पुष्कळ होता, उपसायला महिना गेला. उपसल्यावर पाणी तसंच वर आलं. गवंड्याने ओंजळ तोंडाला लावली, सगळे त्याच्याकडे बघत राहिलो. त्याने दुसरी ओंजळ घेतली. मग तिसरी. साखरबाई ओरडली, "अरे मुडद्या, सांग तरी!" तो म्हणाला, "भाभी, अब दाल में नमक डालना पडेगा."

पंचायत काठ आणि रहाट बांधून देतेय. माझी बाकडी आता उघड्यावर, वर ताडपत्री. उन्हाळा जाईल, पावसाचं पुढे बघू. गिऱ्हाईक कमी झालं नाही, उलट पाणी प्यायला थांबतात ते जेवूनच जातात. मेंबर म्हणाले, हिराबाईंनी विहीर दान दिली. मी म्हटलं, मी कोण देणारी, मी तिच्यावर बसले होते.

एक सांगायचं राहिलं. आतल्या अंगाला, हात पोचेल असा, एक कोनाडा आहे. काजळीने काळा. मी त्यात बोट फिरवलं, बोट काळं झालं. इतक्या वर्षांनी. ती काजळी तू लावलेल्या दिव्याची. तुझी काच तिथे ठेवून पाहिली, बरोबर बसली. मग मला कळलं तू मला का हाकललं होतंस. कोनाडा खोल आहे आणि काठ त्या वेळी बुटका असणार. मी पोर होते, वाकले असते. असंच ना? की तुला एकटीलाच पुढे जायचं होतं? दोन्हीही असेल. समोर विचारीन.

अक्षय्य तृतीयेला विहिरीची पूजा आहे. पहिला दिवा कोणी लावायचा यावर वस्तीत वाद झाला, मेंबरच्या बायकोने की पंचायतीच्या माणसाने. मी म्हटलं, जी बाई तेव्हा रोज लावायची ती लावेल. साखरबाई म्हणाली, "आन् न्हाई आली तर?" आठवा लागलाय तिला, तरी तोंड थांबत नाही.

म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही. तुझ्यासारखी मी सख्ख्या बहिणीला पोस्टाने बोलावणार नाही. हे लिहून झालं की कमरेला खोचते आणि सकाळच्या गाडीने केळव्याला निघते. पदरात अक्षत आहे. पिशवीत एक लुगडं आहे, हिरवं, काठाचं. मंगलासाठी लग्नाच्या वेळी घेतलेलं, डांबरगोळ्यांचा वास येत असेल, उन्हात टाकायला सांग. दिलीपसाठी झबलं आहे, ते मात्र नवं आहे.

मी तुला माफ करायला येत नाहीये आणि तूही मला करू नकोस, आपल्याला दोघींना ते जमायचं नाही. बोलता येईना म्हणून हे लिहिलंय. तू वाचत असशील तेव्हा मी तुझ्या ओटीवर बसलेली असेन, तोंड फिरवून.

माझ्याजवळ कळशी आहे, फडक्याने तोंड बांधलेली. वस्तीतले सगळे म्हणतात गोड आहे. पण त्यांनी आधीचं कुठे चाखलंय? भिकाने नाही, नवसीने नाही, मी नाही. पुढच्या विहिरीचं पाणी आपल्या लोकांत एकटी तूच प्यालीस.

तेव्हा आधी एक घोट घे. आणि माझ्याकडे बघून सांग, तेच आहे का?

हिरा